साठ तासांत विश्वसाहित्य

विश्वसाहित्य आणि लेखन या विषयाच्या एकाच पेपरात दोन कामे असतात. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या भाषांत, कधी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलेले ग्रंथ वाचायचे आणि त्यांच्याविषयी स्वतःच्या वाक्यांत मुद्देसूद लिहायचे. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत हा पेपर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच येतो, मग विद्यार्थी पुढे वकील होणार असो की इंजिनियर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होमरपासून सुरू होणारा असा सक्तीचा पेपर १९३७ पासून चालू आहे. भारतात हे दोन भाग बहुधा वेगळे पडतात. साहित्य बी.ए.च्या खास विषयात जाते आणि लेखन ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या नावाखाली अर्ज, ईमेल आणि अहवाल यांच्या नमुन्यांत अडकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास क्रेडिट पद्धतीसाठी जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात इंग्रजी ऑनर्सला ‘वर्ल्ड लिटरेचर्स’ हा वैकल्पिक पेपर होता आणि सर्जनशील लेखनाचा पेपर निराळा होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने ही दोन टोके जवळ आणायला जागा करून दिली आहे. महाराष्ट्रातल्या रचनेत विद्यार्थ्याचा एक मेजर विषय असतो, एक मायनर असतो आणि काही क्रेडिट ओपन इलेक्टिव्हची असतात. हे ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे लागते. त्यामुळे बी.एस्सी. किंवा बी.कॉम.चा विद्यार्थी साहित्याच्या वर्गात येऊन बसू शकतो, आणि तो येतो तेव्हा त्याला पुढे साहित्यात एम.ए. करायचे नसते. विश्वसाहित्याचा पेपर खरे तर अशाच विद्यार्थ्यासाठी असतो.

व्याख्यानाचे १ क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. ४ क्रेडिटचा पेपर ६० तासांचा होतो, आणि त्यातून सुट्ट्या, महोत्सव व अंतर्गत चाचण्या वजा जातात. उरलेल्या वेळात चार ग्रंथ नीट वाचून होतात, पाच झाले तरी डोक्यावरून पाणी. तरीही गिल्गमेशपासून मार्केझपर्यंत वीस नावांची यादी करण्याचा मोह अभ्यास मंडळांना आवरत नाही. अशा पेपरात ग्रंथ हातात येत नाहीत. लेखकाचा जन्म, मृत्यू आणि दोन ओळींचा सारांश एवढेच येते.

‘विश्वसाहित्य’ ही कल्पना रुजवली ती जर्मन कवी गटे याने. जानेवारी १८२७ मध्ये एकरमान या आपल्या सहकाऱ्याशी बोलताना त्याने राष्ट्रीय साहित्याचे दिवस सरत आले, आता जगाच्या साहित्याचा काळ येतो आहे, अशा अर्थाचे विधान केले. त्या दिवसांत तो एक चिनी कादंबरी वाचत होता. पण पूर्वेकडच्या साहित्याची ओढ त्याला फार आधी लागली होती, आणि ती लावणारा ग्रंथ होता कालिदासाचे ‘शाकुंतल’. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यावरून गेओर्ग फॉर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन केले आणि ते गटेच्या हाती पडले. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभीचा रंगभूमीवरचा प्रवेश ‘शाकुंतल’च्या प्रस्तावनेवरून सुचला, असे मानले जाते. त्याच ‘फाउस्ट’चा पहिला भाग पुढे विंदा करंदीकरांनी मराठीत आणला. उज्जैनच्या कवीच्या नाटकाचा ठसा कलकत्ता, लंडन, जर्मनी असा फिरून ‘फाउस्ट’च्या रूपाने महाराष्ट्रात पोचायला पावणेदोनशे वर्षे लागली.

नागपूरच्या विद्यार्थ्याला ही साखळी पुस्तकाबाहेरही दिसते. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष काढतो तो रामगिरी म्हणजे नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. मिराशी नागपुरातच संस्कृत शिकवत होते. रामटेकला आज कालिदासाचे स्मारक आहे आणि १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. रामटेकची सहल नागपूरच्या बहुतेक शाळांची ठरलेली असते. तिथून ‘मेघदूत’ वाचायला घरी येणारा मात्र विरळाच.

भारतात विश्वसाहित्याच्या कल्पनेला पहिला मोठा आवाज दिला रवींद्रनाथ ठाकूर यांनी. १९०७ मध्ये कलकत्त्यात त्यांना तौलनिक साहित्यावर बोलायला बोलावले होते. त्यांनी आपल्या व्याख्यानाला ‘विश्वसाहित्य’ असे नाव दिले. १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत विश्वसाहित्यातील श्रेष्ठ कृतींचा प्रसिद्ध नॉर्टन संग्रह निघाला, आणि त्यातले ‘विश्व’ युरोप-अमेरिकेच्या पलीकडे जात नव्हते. आशिया आणि आफ्रिका त्यात सामावणारी विस्तारित आवृत्ती यायला १९९५ उजाडले. डेव्हिड डॅमरॉश या अभ्यासकाने २००३ मध्ये वेगळी कसोटी सुचवली. विश्वसाहित्य म्हणजे ग्रंथांची ठरीव यादी नव्हे. जे लेखन आपल्या मूळ मुलुखाबाहेर जाऊन, बहुधा भाषांतरातून, तिथेही वाचले जाते ते विश्वसाहित्य. ही व्याख्या वर्गात कामाची आहे, कारण तिच्यामुळे मराठीला रांगेत उभे राहून कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

नागपुरात इंग्रजी साहित्य वर्गात शिकवले जाऊ लागले त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे कॉलेज १८८३ चे आणि मॉरिस कॉलेज १८८५ चे. मॉरिस म्हणजेच पुढचे नागपूर महाविद्यालय आणि आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. रिक्षावाला मात्र अजून मॉरिसच म्हणतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्याकडे सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव असलेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे येतात.

या चार जिल्ह्यांतून येणाऱ्या वर्गाची भाषा एक नसते. कोणाच्या घरी झाडीबोली, कोणाकडे वऱ्हाडी, गोंदियाकडच्या मुलांची पोवारी, कामठीकडून येणाऱ्यांची उर्दू, आणि सीताबर्डीवर पाय ठेवताच सगळ्यांची नागपुरी हिंदी. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी आणि मराठी इथे शेजारीशेजारी वाढल्या. पहिले विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये भरले तेही नागपुरात. दोन-तीन भाषांत रोज ये-जा करणारा विद्यार्थी भाषांतर करायला कुठे शिकलेला नसतो, पण बसमध्ये, मेसमध्ये आणि घरी फोनवर तो दिवसभर तेच करत असतो. शिक्षकाला ही आयती शिदोरी मिळते. पुष्कळदा ती तशीच बांधलेली राहते, कारण इंग्रजीच्या तासाला इंग्रजीखेरीज काही बोलणे कमीपणाचे समजले जाते.

या शहरातल्या मोठ्या लेखकांकडे पाहिले तर एका भाषेच्या तासातून दुसऱ्या भाषेचे साहित्य घडल्याचे वारंवार दिसते. कुसुमावती देशपांडे नागपुरात शिकल्या, लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकून आल्या आणि १९३१ पासून नागपुरात इंग्रजी शिकवत राहिल्या. कथा आणि समीक्षा त्यांनी मराठीत लिहिली. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा आजही अभ्यासाला लागतो. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हे पद मिळालेल्या पहिल्या महिला. मुक्तिबोध बंधूंची गोष्ट आणखी वेगळी. घरची भाषा मराठी, पण गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि शरच्चंद्र मराठीचे. दोघांच्याही आयुष्याची महत्त्वाची वर्षे नागपुरात गेली. महेश एलकुंचवार यांनी नागपुरात इंग्रजी साहित्य शिकून पुढे ते शिकवले आणि नाटके मराठीत लिहिली.

तौलनिक वाचनाची दुसरी, जास्त धगधगती परंपराही याच मातीशी जोडलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर दलित लेखकांची जी पिढी लिहू लागली, तिने शेक्सपिअरच्या जोडीला अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनाही आपले मानले. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात होते. नागपुरात जन्मलेले गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवत होते. जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवरचे मराठी पुस्तक १९७८ मध्ये आले. इथे परदेशी ग्रंथ परीक्षेसाठी वाचला जात नव्हता. आपल्या अनुभवाला जगात आणखी कुठे जोड आहे, हे शोधण्यासाठी वाचला जात होता. विश्वसाहित्याच्या कोणत्याही पेपरला यापेक्षा चांगला नमुना सापडणार नाही.

वाचनाचा दरवाजा इंग्रजीच असला पाहिजे, असेही नाही. हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली. थोरोचे ‘वॉल्डन’ दुर्गा भागवतांनी आणले, कॉनरॅड रिश्टरच्या कादंबऱ्या जी. ए. कुलकर्णींनी. ‘किंग लिअर’ विंदांच्या भाषांतरात मिळते. ‘हॅम्लेट’ आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त आणि ‘ऑथेल्लो’ देवलांच्या ‘झुंझाररावा’त जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठीत भेटतात. ‘मेघदूता’ची तर कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके आणि चिंतामणराव देशमुख अशी भाषांतरे रांगेने उभी आहेत. टॉल्स्टॉय आणि सोफोक्लीज इंग्रजी पेपरातही भाषांतरातच वाचले जातात. मग इंग्रजी भाषांतर प्रतिष्ठेचे आणि मराठी भाषांतर चोरवाटेचे, हा भेद कशासाठी? दोन्ही समोर ठेवून वाचणारा विद्यार्थी एकट्या इंग्रजीत अडखळणाऱ्यापेक्षा ग्रंथाच्या जास्त जवळ जातो.

लेखनाचा भाग कसा चालतो, हे एका जोडीवरून नीट दिसेल. अंतोन चेखवचे ‘चेरीची बाग’ हे नाटक जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये पहिल्यांदा झाले. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. रशियन नाटकात कर्जात बुडालेली रानेव्हस्काया आपल्या बागेसकट घर लिलावात गमावते. विकत घेणारा लोपाखिन हा त्याच इस्टेटीवरच्या वेठबिगारांचा मुलगा आणि नातू. मराठी नाटकात विदर्भातल्या खेड्यातले देशपांडे कुटुंब वडिलांच्या दिवसांसाठी वाड्यात जमते. मुंबईहून मुलगा सुधीर आणि त्याची बायको येतात. दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो, सोने किती उरले याचा हिशेब मनातल्या मनात चालू असतो, आणि नात रंजू ते सोने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते.

पहिल्या कच्च्या खर्ड्यात जवळपास प्रत्येक विद्यार्थी एकच वाक्य लिहितो: दोन्ही नाटकांत जमीनदारीचा ऱ्हास दिसतो. वाक्य खरे आहे, पण त्याच्याशी कोणी वाद घालणार नाही, आणि ज्याच्याशी वाद होत नाही ते निबंधाचे मुख्य विधान होऊ शकत नाही. दुसऱ्या खर्ड्यात ते असे होऊ शकते: चेखवच्या नाटकात घर विकले जाते म्हणून माणसे मोकळी होतात, एलकुंचवारांच्या नाटकात वाडा विकला जात नाही म्हणून मागे राहिलेली माणसे अडकतात. आता पुरावा मागता येतो. रानेव्हस्काया पॅरिसला परतते, मुलगी आन्या नव्या आयुष्याची स्वप्ने बघत निघते. इकडे सुधीर मुंबईला जातो, पण शिकायचे राहून गेलेली बहीण प्रभा आणि दिवसभर राबणारा भाऊ चंदू वाड्यातच राहतात.

मग वर्गातला कोणीतरी फिर्सची आठवण काढतो. चेखवच्या नाटकाच्या शेवटी सगळे निघून जातात आणि म्हातारा नोकर फिर्स बंद घरात विसरला जातो. तो तर सुटला नाही. विधान पडले का? पडले नाही, पण त्याला मुरड घालावी लागते. घर विकल्याने सुटतात ती मालक माणसे. नोकर मागेच राहतो. आणि या नव्या नजरेने पुन्हा ‘वाडा’ पाहिला की चंदू वेगळा दिसू लागतो, कारण तो घरचा मुलगा असूनही घरात नोकरासारखा वावरतो. एका नाटकात विसरला जातो तो नोकर, दुसऱ्यात घरच्याच मुलाचा नोकर झालेला. तिसऱ्या खर्ड्याला आता सांगण्यासारखे काही तरी सापडले. त्याच्या जोडीला इतिहासाचा एक परिच्छेद येतो: रशियातली वेठबिगारी १८६१ मध्ये उठली, विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा. हा परिच्छेद सुरुवातीला नुसता चिकटवला तर मजकूर गाइडसारखा वाटतो. लोपाखिन घर का घेऊ शकतो, हे सांगताना आला तर कामाला येतो. चेखवने नाटकाला विनोदी नाटक म्हटले आणि स्तानिस्लाव्हस्कीने ते शोकांतिकेसारखे बसवले, हा जुना वादही इथे उपयोगी पडतो. लेखकाचे म्हणणे शेवटचे नसते, एवढे त्यातून विद्यार्थ्याला कळते.

असे तीन खर्डे होण्यासाठी कोणीतरी पहिला आणि दुसरा वाचून, समासात प्रश्न लिहून परत द्यावा लागतो. अडचण नेमकी इथे आहे. वर्गात सत्तर-ऐंशी मुले आणि शिक्षकाकडे दिवसाला चार-पाच तास असतील तर प्रत्येकाचे तीन खर्डे तपासणे शक्य नाही. यावर चालणारा तोडगा म्हणजे विद्यार्थ्यांनी जोड्या करून एकमेकांचे खर्डे वाचणे. त्याचा नियम साधा ठेवावा लागतो: वाचणाऱ्याने स्तुती करायची नाही, चूकही दाखवायची नाही, फक्त मुख्य विधान अधोरेखित करायचे. ते सापडले नाही तर तसे लिहायचे. शिक्षकाने मग शेवटचा खर्डा पाहिला तरी चालते.

परीक्षेची रचना मात्र या सगळ्याच्या विरुद्ध जाते. ‘व्यक्तिचित्रण करा’, ‘टिपा लिहा’, ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ या प्रश्नांची उत्तरे तयार मिळतात, आणि सीताबर्डीच्या दुकानात मूळ पुस्तकाआधी गाइड हातात पडते. आता त्यात मोबाइलवरच्या एआयची भर पडली आहे. दोन मिनिटांत तो कोणत्याही नाटकावर व्याकरणशुद्ध चार पाने देतो. त्यावर बंदीचे फलक लावून फारसे साधत नाही. ‘चंदू आणि फिर्स यांच्यापैकी कोणाची अवस्था वाईट, नाटकातल्या दोन प्रसंगांच्या आधारे ठरवा’ असा प्रश्न वर्गात बसवून, पुस्तक उघडे ठेवून, हाताने लिहायला दिला तर गाइड आणि एआय दोघेही बाजूला राहतात. उघड्या पुस्तकाची परीक्षा आपल्याकडे सोपी समजली जाते. साहित्यात ती सर्वांत अवघड असते. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव आणि पान देण्याची सवयही पहिल्याच वर्षी लावावी लागते. इंग्रजी विभागांत त्यासाठी एमएलए पद्धत चालते, आणि ती शिकवायला एक तास पुरतो.

खर्चाच्या बाजूने हा पेपर स्वस्त आहे. चेखवची जुनी इंग्रजी भाषांतरे प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट आहेत, आणि मराठी पुस्तकांसाठी शहरातली सार्वजनिक वाचनालये आहेत.  आपल्या महाविद्यालयात असा पेपरच नसेल तर ‘स्वयम्’वरचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊन त्याची क्रेडिट जोडण्याची सोय यूजीसीच्या नियमांत आहे, सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात, अर्थात महाविद्यालयाची संमती आधी लागते. लेखनापुरतेच शिकायचे असेल तर इग्नूचा इंग्रजी सर्जनशील लेखनाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि इग्नूचे विभागीय केंद्र नागपुरात आहे. भाषांतराकडे वळणाऱ्यांना वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात त्याचे स्वतंत्र शिक्षण मिळते.

बारावीनंतर किंवा दुसऱ्या वर्षी ओपन इलेक्टिव्ह निवडताना बहुतेक मुले फक्त ‘पेपर सोपा जातो का’ एवढेच विचारतात. विश्वसाहित्याचा पेपर घेणाऱ्याने विभागात जाऊन आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: किती ग्रंथ पूर्ण वाचायचे आहेत, त्यांची मराठी किंवा हिंदी भाषांतरे वापरता येतील का, आणि लिहिलेला खर्डा शेरे मारून परत मिळतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा पेपर घेतलेला बरा.